बर्फाला तारीख देऊ नका

प्रति,
डॉ. मनसुख मांडविया,
केंद्रीय युवक व्यवहार आणि क्रीडामंत्री, नवी दिल्ली

मा. मंत्रिमहोदय,


2025 च्या फेब्रुवारीत आपल्या खात्याने एक शहाणा निर्णय घेतला. तेव्हा त्याचं कौतुक फारसं कुणी केलं नाही, म्हणून आधी ते करतो. ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धांचा लेहचा टप्पा जानेवारीत पार पडला होता आणि गुलमर्गचा टप्पा 22 ते 25 फेब्रुवारी असा जाहीर झाला होता. तारीख जवळ आली तरी उतारांवर पुरेसा बर्फ नव्हता. स्पर्धा पुढे ढकलली गेली. मग बर्फ पडला आणि 9 ते 12 मार्च या चार दिवसांत ती व्यवस्थित झाली. एकदा छापलेली तारीख बदलणं सरकारी कामात किती जिवावर येतं हे आम्ही बाहेरून बघणाऱ्यांनाही ठाऊक आहे. निमंत्रणं गेलेली असतात, फलक रंगवून झालेले असतात. तरी ती बदलली गेली. आता एवढीच विनंती आहे की हा निर्णय ‘त्या वर्षीचा अपवाद’ म्हणून फाइलीत बंद होऊ नये. तोच नियम व्हावा.

जिथे बर्फ फक्त रसवंतीत आणि गोळ्याच्या गाडीवर दिसतो, तिथल्या माणसाने गुलमर्गची उठाठेव का करावी, असं आपल्याला वाटेल. पण महाराष्ट्राचा संघ या स्पर्धेत उतरतो, स्केटिंगमध्ये पदकंही आणतो. काश्मीरची सहल ही मराठी मध्यमवर्गाची जुनी हौस आहे आणि गुलमर्गच्या गंडोल्याच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत मराठी कानावर पडली नाही असा दिवस विरळा. राज्य सरकारने तर बडगाम जिल्ह्यात महाराष्ट्र भवनासाठी जमीनही घेतली आहे. तेव्हा दोन शब्द बोलण्याएवढं नातं आहे असं समजावं.

गुलमर्गचा हिवाळा काश्मिरी माणूस तीन तुकड्यांत मोजतो. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. महत्त्वाचे ते पहिले चाळीस. त्या कडाक्यात पडलेला बर्फ कोरडा असतो, थरावर थर बसतो, गोठून राहतो आणि उन्हाळ्यापर्यंत पुरतो. फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चमध्ये पडणारा बर्फ ओलसर असतो. पडतो भरपूर, पण दुपारच्या उन्हात लवकर पाणी होतो. म्हणजे वर्षाचा आकडा सरासरीला टेकला तरी बर्फ कधी पडला यावर सगळं अवलंबून आहे.

हा बर्फ आणतात पश्चिमी चक्रावात, ज्यांना हवामान खात्यातले लोक वेस्टर्न डिस्टर्बन्स म्हणतात. भूमध्य समुद्राच्या बाजूने ते इराण-अफगाणिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. डिसेंबर-जानेवारीत ते आले नाहीत किंवा दुबळे आले, की चिल्लई कलान कोरडा जातो. 2024 च्या जानेवारीत गुलमर्गचं तपकिरी गवत दाखवणारी छायाचित्रं देशभर फिरली. बर्फ आला तो महिना संपता संपता. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच. 2025 च्या फेब्रुवारीत अनंतनाग जिल्ह्यातला अचबलचा प्रसिद्ध झरा आटला. मुघल बागेतला हा झरा कितीतरी गावांना पाणी देतो. स्पर्धा लांबली ही बातमी आणि झरा आटला ही बातमी एकाच पंधरवड्यातली होती. पण एक क्रीडापानावर छापली गेली आणि दुसरी आतल्या पानात कुठेतरी.

कमी बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रद्द झालेल्या शर्यती येतात. मला त्याहून मोठी काळजी वाटते ती नंतर येणाऱ्या बर्फाची. जमिनीवर पातळ थर असेल आणि वरची हवा कडक थंड असेल, तर जमिनीच्या उबेमुळे त्या थरातली वाफ वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, रवाळ, सुटे होत जातात. एकमेकांना धरून राहण्याची ताकद त्यांच्यात उरत नाही. अशा थरावर एका झंझावातात चार-पाच फूट नवा बर्फ पडला की तो सगळा भार घसरायला टेकलेला असतो. कोरडा जानेवारी आणि मुसळधार फेब्रुवारी ही जोडी म्हणूनच धोक्याची आहे. 22 फेब्रुवारी 2024 रोजी गुलमर्गच्या वर खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालं आणि एक रशियन स्कीपटू दगावला. त्या दिवशी खाली ‘खेलो इंडिया’ सुरू होतं. 2025 मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीस ज्या झंझावाताने गुलमर्गची स्पर्धा वाचवली, त्याच दिवसांत उत्तराखंडात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या मजुरांची छावणी हिमस्खलनात गाडली गेली. आठ जण गेले. स्पर्धेला बर्फ मिळाला याचा आनंद व्यक्त करताना मला ही बाजू विसरता येत नाही.

म्हणून बर्फ पडला रे पडला की दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजवावी, असंही मी म्हणत नाही. नवा थर बसायला वेळ द्यावा लागतो.

आमच्याकडे पेरणीचा दिवस कृषी खात्याच्या परिपत्रकाने ठरत नाही. पाऊस पडून जातो, जमिनीला वाफसा येतो, मग तिफण शेतात जाते. दिल्लीतल्या कॅलेंडरवर चौकट आखून ठेवली म्हणून वाफसा येत नाही, आणि चिखलात तिफण घालणाऱ्याला गावात कुणी शहाणं म्हणत नाही. गुलमर्गच्या उतारांनाही हेच लागू आहे असं मला वाटतं.

जगाने मात्र नेमका उलटा रस्ता धरला आहे. तो आपण पाहावा आणि त्यावरून जाऊ नये, यासाठी हे सगळं लिहितो आहे.

भारत हिवाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो 1964 मध्ये, ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला. जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलिश वंशाचा एकटा स्कीपटू आपल्या वतीने गेला होता. योगायोग असा की त्या वर्षी इन्सब्रुकला बर्फच नव्हता. आल्प्समधलं गाव, ऐन जानेवारी आणि उतार उघडे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने वरच्या डोंगरांतून वीस हजार बर्फाच्या लाद्या खाली आणून बॉबस्ले आणि लूजची वाट बांधली, स्कीच्या उतारांवर चाळीस हजार घनमीटर बर्फ ओतला आणि सैनिकांनी तो पायांनी दाबून बसवला. म्हणजे बर्फाची टंचाई आणि भारताचं हिवाळी ऑलिंपिक यांची ओळख पहिल्या दिवसापासूनची आहे.

1980 मध्ये अमेरिकेत लेक प्लॅसिडला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा यंत्राने केलेला बर्फ वापरला गेला. तेव्हा तो आधार होता. 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या सायप्रस पर्वतावर खाली गवताच्या गासड्या रचून वर ट्रकने आणि हेलिकॉप्टरने आणलेला बर्फ पसरावा लागला. प्रेक्षकांच्या पायाखालचा वितळला म्हणून 28,000 तिकिटं रद्द झाली. 2014 मध्ये काळ्या समुद्राकाठच्या सोची या विहारनगरीला स्पर्धा दिली आणि मग आदल्या हिवाळ्याचा बर्फ चादरींखाली झाकून वर्षभर जपला. 2022 मध्ये बीजिंगच्या स्पर्धा जवळपास पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर झाल्या, कारण स्कीच्या शर्यती जिथे झाल्या ते यानछिंगचे डोंगर थंड असले तरी मुळात कोरडे. त्या स्पर्धेत भारताचा एकच खेळाडू होता, आपल्या तंगमर्गचा आरिफ खान. गुलमर्गच्या आभाळातून पडलेल्या बर्फावर शिकलेला हा मुलगा यंत्राच्या बर्फावर शर्यतीला उतरला, आणि नेमकं त्याच्या जायंट स्लॅलमच्या दिवशी यानछिंगला खराखुरा बर्फ इतका कोसळला की समोरचं नीट दिसेना. आरिफ 45 वा आला. निसर्गालाही विनोदबुद्धी असते.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2022 मध्ये हिशेब मांडला. उत्सर्जन आजच्यासारखंच चालू राहिलं तर तोवरच्या 21 यजमान शहरांपैकी शतकाच्या अखेरीस फक्त एकच भरवशाचं उरेल, जपानचं साप्पोरो. यजमान शहरांचं फेब्रुवारीतलं दिवसाचं सरासरी तापमान 1920 ते 1950 च्या दशकांत 0.4 अंश सेल्सियस होतं. या शतकातल्या स्पर्धांत ते 6.3 अंशांवर आलं. आणि त्या एकमेव भरवशाच्या साप्पोरोने काय केलं? टोकियो ऑलिंपिकमधल्या लाचखोरीच्या प्रकरणानंतर लोकांचा पाठिंबा उरला नाही, म्हणून 2030 च्या यजमानपदाची दावेदारीच सोडून दिली. ज्याच्याकडे बर्फ आहे त्याला स्पर्धा नको आणि ज्याला स्पर्धा हवी त्याच्याकडे बर्फ नाही, अशी ही अवस्था आहे.

ऑलिंपिकवाल्यांचा नाइलाज मी समजू शकतो. त्यांची तारीख विकली गेलेली असते. प्रक्षेपणाचे हक्क, हॉटेलं, विमानं, प्रायोजक यांतलं कुणीच आठवडाभर थांबू शकत नाही. बर्फ उत्सवासाठी थांबणार नाही आणि उत्सव बर्फासाठी थांबणार नाही, म्हणून मग बर्फ तयार करायचा. आपल्या ‘खेलो इंडिया’ची तारीख मात्र कुणी विकत घेतलेली नाही. जगभरचे कॅमेरे गुलमर्गकडे डोळे लावून बसलेले नाहीत. आपली स्पर्धा लहान आहे आणि हेच तिचं भाग्य आहे. तिला थांबता येतं. जे ऑलिंपिकला परवडत नाही ते आपल्याला परवडतं, आणि तरीही आपण हौसेने त्यांच्यासारखी चार दिवसांची चौकट छापून घेतो.

आता यंत्रांविषयी, कारण प्रत्येक कोरड्या हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच की गुलमर्गला बर्फाच्या तोफा बसवा. ही यंत्रं पाण्याचे बारीक तुषार जोराने हवेत फेकतात आणि ते खाली येईपर्यंत गोठतात. त्यासाठी नुसती थंडी पुरत नाही, हवा कोरडीही लागते. ओल्या फडक्याच्या तापमापीवर साधारण उणे दोन अंशांच्या खाली पारा गेला तरच काम नीट होतं. म्हणजे ज्या उबदार, दमट फेब्रुवारीत यंत्राची सर्वांत जास्त गरज, त्याच फेब्रुवारीत ते हात वर करणार.

याचा धडा आपल्याच देशात गिरवून झाला आहे. उत्तराखंडातल्या औलीला 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांच्या निमित्ताने बर्फाची यंत्रं आली. त्यांना पाणी पुरवण्यासाठी डोंगरावर मुद्दाम तळं बांधलं गेलं. आज पर्यटक त्या तळ्याकाठी फोटो काढतात. 2018 मध्ये औलीची आंतरराष्ट्रीय शर्यत बर्फाअभावी गेली आणि 2023 च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय स्पर्धाही होऊ शकल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात पायथ्याचं जोशीमठ खचत होतं, घरांना तडे जात होते. डोंगराच्या पोटात किती काय काय घालायचं याचा विचार करायला तेवढं उदाहरण पुरे आहे.

गुलमर्गच्या पाण्याचा हिशेब आणखी नाजूक आहे. अफरवत शिखराचा आणि अल्पथर तळ्याचा बर्फ वितळून निंगली नाला वाहतो आणि सोपोरजवळ झेलमला मिळतो. सोपोर म्हणजे सफरचंदाची पेठ. मुंबई-पुण्याच्या मंडईत येणाऱ्या पेट्यांवर ते नाव आपण वाचतो. यंत्रवाले म्हणतील की पाणी कुठे जातं, वसंतात बर्फ वितळून पुन्हा नाल्यातच येतं. बरंचसं येतं, हे खरं आहे. पण उपसा होतो तो नाला सर्वांत रोडावलेला असताना, ऐन हिवाळ्यात, आणि कोरड्या वर्षी तर खालच्या गावांच्या नळालाच पाणी नसतं तेव्हा. चार दिवसांच्या शर्यतीसाठी त्या वेळी पंप सुरू करायला कोणता जिल्हाधिकारी धजावेल? आणि धजावला तर लोकांना काय सांगेल?

तेव्हा यंत्रांचा नाद नको. हवी आहे ती सवड. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत तीन-चार आठवड्यांची खिडकी जाहीर करावी. स्पर्धा त्यात कधीही होईल, आणि किमान आठ दिवस आधी पक्की तारीख सांगितली जाईल. हा निर्णय मंत्रालयातल्या बैठकीत होऊ नये. गुलमर्गला हवामान खात्याची नोंद आहे. हिमस्खलनावर काम करणारी संरक्षण खात्याची संस्था, जी पूर्वी मनालीची ‘सासे’ म्हणून ओळखली जायची आणि आता डीजीआरई आहे, तिचे लोक थराची जाडी आणि ताकद मोजतात. उतार सुरक्षित आहे असं त्यांनी लेखी द्यावं, मग स्पर्धा व्हावी. आणि ती नोंद, मागच्या वर्षांच्या आकड्यांसकट, सगळ्यांना पाहता यावी. निर्णय कशावर झाला हे खेळाडूला कळलं की पुढे ढकललेल्या तारखेचा रागही कमी होतो.

राग येतो तो खर्चाचा आणि हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण दिल्लीतून ते दिसत नाही. तारीख बदलली की सर्वांना सारखीच झळ बसत नाही. लष्कराचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल गुलमर्गलाच आहे. त्यांचे जवान हिवाळाभर तिथेच सराव करतात आणि 2024 व 2025 या दोन्ही वर्षी लष्कराचाच संघ अव्वल ठरला. त्यांच्या कर्तबगारीबद्दल पूर्ण आदर आहे. पण 22 फेब्रुवारीची स्पर्धा 9 मार्चला गेली तर त्यांना बराकीतून उतारावर यायचं असतं. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणाच्या मुलांना मात्र रेल्वेचं रद्द झालेलं आरक्षण, दुसऱ्यांदा मागायची कॉलेजची परवानगी आणि भाड्याने घेतलेल्या साहित्याचे वाढीव दिवस असा सगळा जमाखर्च मांडायचा असतो. शिवाय फेब्रुवारी-मार्च म्हणजे आमच्याकडे दहावी-बारावीच्या परीक्षा. एखाद्या मुलीने सरावाला दोन हिवाळे दिले आणि नवी तारीख नेमकी भूगोलाच्या पेपरावर आली तर तिने काय करायचं? खिडकी आधीपासून माहीत असेल तर शिक्षण मंडळाशी आधी बोलून ठेवता येतं. प्रवासाच्या फेरआरक्षणासाठी दरवर्षी थोडी रक्कम बाजूला ठेवता येते. स्पर्धेच्या एकूण खर्चात ती नगण्य असेल.

जागेचाही विचार व्हावा. नॉर्डिक स्कीइंग (क्रॉसकंट्री) होतं ते गुलमर्गच्या गोल्फ मैदानावर, सुमारे 2,650 मीटर उंचीला. सर्वांत आधी उघडं पडतं ते हेच मैदान. गंडोल्याचं मधलं स्थानक कोंगडूरी त्याहून चारेकशे मीटर वर आहे आणि तिथला बर्फ जास्त टिकतो. क्रॉसकंट्रीला सपाटी लागते, ती वर सहज मिळणार नाही, हे मान्य. पण एखाद्या वर्षी एवढा एकच प्रकार वगळून बाकी शर्यती वर घ्याव्यात की नाहीत, याचा निर्णय आधीच लिहून ठेवलेला बरा. बर्फ नाही म्हणून सगळंच रद्द, असं होऊ नये.

उद्घाटनाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो, राग नसावा. तारखा घट्ट बांधल्या जातात त्यात पाहुण्यांच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा असतो. स्पर्धेला मंत्री हवाच असं नाही, बर्फ मात्र हवाच. आपण स्वतः आलात तर खेळाडूंना आनंदच होईल. पण आपल्याला त्या आठवड्यात जमत नसेल, तर फीत कापायला एखादा जुना स्की-गाइड चालेल. तंगमर्गच्या घरोघरी असे लोक आहेत, आणि स्लेज ओढणारे, घोडेवालेही. बर्फ न पडल्याने सर्वांत आधी ज्यांची चूल थंडावते ते हेच लोक. स्पर्धा लांबली की त्यांच्या हंगामाचे आणखी दिवस वाया जातात. म्हणून तारखा ठरवणाऱ्या समितीत त्यांच्यातला एखादा असावा. कोणत्या उतारावर कोणत्या वाऱ्यानंतर बर्फ टिकतो हे त्याला उपग्रहाच्या चित्राशिवाय कळतं.

गुलमर्गला स्कीइंग नवं नाही. 1927 मध्ये इंग्रजांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. त्या काळचे क्लबवाले बर्फाची वाट पाहत, कारण दुसरा इलाजच नव्हता. आपल्याकडे इलाज आहे असं आता आपल्याला वाटू लागलं आहे, आणि पैसे असले की तसं वाटतंच.

पुढच्या स्पर्धेचं परिपत्रक आपल्या सहीसाठी येईल तेव्हा ‘दिनांक’ या रकान्यात काय लिहिलंय ते आपण एकदा बघावं. तिथे पहिला दिवस आणि शेवटचा दिवस एवढंच असेल, तर फाइल परत पाठवावी आणि डीजीआरईचं मत मागवावं. राज्यांच्या संघांना प्रवासाची सोय करायला ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून लागावं लागतं, तेव्हा हे त्याआधी झालं तर बरं.

कळावे,

आपला,
हिवाळी खेळांवर प्रेम करणारा
पुण्याचा एक नागरिक